लाल दोऱ्याची पुस्तकं

नागोजी अण्णा गेल्याचा निरोप मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तेव्हा त्याखाली पाच मिनिटांत सदतीस जणांनी हात जोडले. कुणी फूल टाकलं, कुणी पणती. एकाने लिहिलं, 'मंडळाचं चालतंबोलतं ग्रंथालय हरपलं.' हा गृहस्थ नऊ वर्षांत अण्णांशी एकदाच बोलला होता, तेही जिन्यात वाट अडवू नका म्हणून सांगायला. मीही हात जोडले. मंडळाची सेक्रेटरी मी, न जोडून कसं चालेल? मग फोन उपडा ठेवला आणि माझी मलाच किळस आली. या सदतीस जणांकडे अण्णांनी नऊ वर्षं एकच गोष्ट मागितली होती, की कुणीतरी दोघांनी माझ्याबरोबर बसा. दोन तास पुरे. ते कुणाला जमलं नाही.

आमचं मंडळ जयनगरात एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, शंभर खुर्च्या आणि पुस्तकांची तीन कपाटं. सभासद बहुतेक पुण्यामुंबईचे, नोकरीसाठी बंगळुरात आलेले आणि इथल्या हवेला शिव्या देत देत इथेच घरं घेतलेले. नागोजी अण्णा आमच्यातले नव्हते. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि राहिलं. घरात मराठी, शाळा कन्नड, आडनावाच्या जागी नुसतं 'राव'. त्यांच्या मराठीला आम्ही 'किती गोड' म्हणायचो. गोड म्हणजे आपल्यापेक्षा खालची, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

बंगळुराच्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते मेट्रोने जयनगरला आले, जिना चढून कपाटांसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "अक्का, सुरुवात कुठनं करायची?"

मी विचारलं, तुम्हाला कोणत्या विषयाची आवड आहे?

"आवड नंतर बघू. लॉट आला की पहिल्यापासनं तपासायचा."

डावीकडच्या कपाटात वरच्या कप्प्यातलं पहिलं पुस्तक कुक्कुटपालनावरचं होतं. कुणी दिलं होतं देव जाणे. ते त्यांनी नेलं, पुढच्या रविवारी परत आणलं आणि त्याच्या कण्याला पांढरा दोरा बांधला. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. ती ओळीखाली धरून ते वाचत, कारण देवनागरी त्यांना शाळेतल्या हिंदीपुरतीच येत होती. "हे सरी आहे," ते म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. "कोंबडीबद्दल जेवढं बोलतोय तेवढं त्याला ठाऊक आहे." मी हसले आणि हा किस्सा दहा ठिकाणी सांगितला. आज वाटतं, त्या खोलीत कुठल्याही पुस्तकाबद्दल इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं.

वाचनाचं खूळ या वयात का, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. बायको, पद्मक्का, त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आजारी पडली. इस्पितळात एका सकाळी तिने विचारलं, "पुढं काय असतंय हो?" अण्णा डबा धूत होते. "मला काय ठाऊक," असं म्हणून ते कॉफी आणायला खाली गेले. चार दिवसांनी ती गेली.

"एकतीस वर्षांत तिनं मला दुसरं काही विचारलं नव्हतं, अक्का. घरातलं सगळं तिलाच ठाऊक असायचं. एक वस्तू हातात दिली, आणि मी न बघता पुढं ढकलली. तपासणीवाल्यानं असं करायचं असतंय काय?"

म्हणून ते वाचत होते. उत्तर मिळालं तर ते तिला कसं कळवणार, असं मी विचारलं नाही. पुण्यात वाढले असले तरी तेवढी माणुसकी माझ्यात होती.

आता दोऱ्यांचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. पांढरा दोरा म्हणजे पुस्तक तपासलं, पास. लाल दोरा ते देवळाबाहेरच्या पूजेच्या दुकानातून आणत. आत्मा, मरण, ध्यान, मोक्ष या विषयांवरची पुस्तकं आमच्याकडे भरपूर, आणि त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांना हळूहळू लाल दोरे लागले. एकदा मी गणेशोत्सवाच्या वर्गणीचे निरोप पाठवत बसले होते, तेव्हा त्यांनी समोर बसून मला लाल दोऱ्याचा अर्थ सांगितला. कारखान्यात लाल खूण केलेला माल कुणी फेकायचा नाही आणि कुणी पुढेही पाठवायचा नाही. तिघांनी एकत्र बसायचं, वस्तू मधे ठेवायची, बघायची, भांडायचं आणि तिघांच्या सह्या झाल्या तरच ती हलवायची. एकट्याचं मत चालत नाही.

"एकदा काय झालं अक्का, मी दोनशे पार्ट लाल केले. तिघं बसलो. दीड तास बघितलं. पार्ट बरोबर होते. ड्रॉइंगच चूक होतं. म्हणून लाल झालं म्हणजे पुस्तक खोटं, असं नाही. मीच चूक असेन. पण ते मला एकट्याला कळायचं नाही."

मी 'हो हो' म्हणाले. हे सगळं माझ्या कानांवरून गेलं, आणि इतकं स्पष्ट आठवतंय म्हणजे तेव्हाही मी ते ऐकलं असणार. डोक्यात मात्र वर्गणी होती.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. एका पुस्तकाला एक पान. वर नाव, खाली कुठल्या पानावर काय अडलं ते कन्नड लिपीत, आणि तळाशी सह्यांसाठी तीन ओळी. पहिल्या ओळीवर त्यांची सही. खालच्या दोन कोऱ्या. दर रविवारी ते विचारत, "आज स्वल्प बसूया काय?" आणि दर रविवारी आमच्यातला कुणीतरी 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणत असे. बहुतेक वेळा ती मीच असे.

आम्हाला वेळ नव्हता असं नाही. निवृत्तीनंतर अध्यात्म, पुस्तकं आणि कला यांचा आमच्या मंडळात सुकाळ आहे. कुणी मंडलं रंगवतं, कुणी काशाच्या वाट्यांचा नाद ऐकत आडवं होऊन शांत होतं आणि उठून गाडी लावायच्या जागेवरून भांडतं. महिन्यातून एकदा 'पुस्तकगप्पा' होतात. त्यात लोक कॉफी पीत, वाचायच्या ठरवलेल्या पुस्तकांबद्दल बोलतात. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. अण्णा तिथे एकदा आले होते. त्यांनी नम्रपणे विचारलं की हे पुस्तक इथं कुणी पुरं वाचलंय काय, आणि त्यानंतर पुस्तकगप्पांचे निरोप त्यांना जायचे बंद झाले. बंद मी केले.

एका वर्षी जयनगरातल्या एका सभागृहात एका स्वामींची आठ दिवसांची व्याख्यानं झाली. मंडळातले आम्ही पंधराजण गेलो आणि अण्णाही आले. स्वामी छान बोलत. मन स्थिर झालं की मरणाचं भय जातं, म्हणाले. प्रश्नोत्तरांना अण्णा उठले.

"स्वामी, मन स्थिर झालं हे तपासायचं कशानं? आमच्याकडे गेज असतंय. पार्ट त्यातनं जातो की नाही, एवढं कळतंय. इथं काय आहे?"

लोक हसले. स्वामीही हसले आणि 'हा बुद्धीचा प्रश्न आहे, बुद्धी चपलांबरोबर बाहेर ठेवायची' म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाहेर आल्यावर अण्णा आपल्या चपला शोधत होते. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. ते म्हणाले, "वाईट कशाला? त्यांना ठाऊक नाही एवढंच. ठाऊक नाही म्हणाले असते तर मी पांढरा दोरा बांधला असता." तरी ते उरलेले सगळे दिवस आले, पुढच्या रांगेत बसून टिपणं घेतली. अर्धवट तपासून माल परत करायचा नसतो.

मग चित्रकला. ज्येष्ठांसाठीच्या वर्गात शिकवायला येणारी मुलगी सगळ्यांना सांगायची, मनात येईल ते मोकळेपणाने रंगवा. बाकीच्यांनी डोंगर आणि सूर्य रंगवून मोकळेपणा दाखवला. अण्णा तीन महिने एक हात काढत होते. मनगटापर्यंत येत, मग खोडत. शेवटी कागदावर नुसती एक बांगडी राहिली, अगदी हुबेहूब. मी विचारलं, हात कुठे गेला?

"हात आठवत नाही, अक्का. बांगडी आठवते. सव्वादोन इंच. दर सणाला मीच आणायचो, म्हणून माप ठाऊक आहे." पट्टी खिशात घालत ते म्हणाले, "एकतीस वर्षं समोर होता की हात. सुम्ने, नुसतंच बघत बसलो आणि काही बघितलंच नाही."

वर्गाचं प्रदर्शन झालं तेव्हा अध्यक्षबाईंनी त्या बांगडीखाली 'शून्य' असं नाव लिहून लावलं आणि सगळ्यांनी फार खोल आहे म्हणून माना डोलावल्या. अण्णांनी ती चिठ्ठी काढून खिशात ठेवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीने ठरवलं की खोली रंगवायची, योगासनांच्या चटयांना जागा करायची आणि तीन कपाटांचं एक करायचं. पुस्तकं कमी करायचं काम माझ्याकडे आलं. एका शुक्रवारी दुपारी मी कपाटं उघडली. हजारभर पुस्तकं, वर धूळ, आणि मला संध्याकाळी एका बारशाला जायचं होतं. मला लाल दोरे दिसले. मनात आलं, कारखान्यात लाल म्हणजे नापास. अण्णांनी एवढी वर्षं बसून आपलं काम करूनच ठेवलंय की. स्वतःच्या हुशारीवर मी खूश झाले. लाल दोऱ्याची त्रेचाळीस पुस्तकं निघाली, त्यांच्याबरोबर फाटकी, वाळवी लागलेली, आणि सगळी मी रद्दीवाल्याच्या टेम्पोत घालून दिली. कुक्कुटपालन राहिलं. त्याला पांढरा दोरा होता.

रविवारी अण्णा आले. रंगाचा वास होता, एकच कपाट होतं. ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की तुमचे लाल दोरे किती उपयोगी पडले. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला आज एवढा त्रास झाला नसता.

"बसायचं राहिलं की, अक्का," ते म्हणाले.

आणि मला सगळं आठवलं. ते गणेशोत्सवाचे निरोप, दोनशे पार्ट, चुकलेलं ड्रॉइंग, तीन सह्या. सगळं शब्दन् शब्द. मला ठाऊकच नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही.

रद्दीवाला म्हणाला, माल शहराबाहेर होसकोट्याच्या गोदामात गेला. मी टॅक्सी बोलावली. वाटेत अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मी मागून एकसारखी माफी मागत होते. शेवटी ते मान न वळवता म्हणाले, "तुमची चूक नाही. लाल माल कुलपात ठेवायचा असतोय. मी उघड्यावर ठेवला." त्यांनी दोष असा सहज उचलून आपल्या अंगावर घेतला आणि मला तो परत मागताही येईना.

गोदामात कागदाचे माणसाएवढे गठ्ठे पट्ट्यांनी करकचून बांधून रचले होते. तिथल्या माणसाशी अण्णा कन्नडमधून बोलले. त्याने सांगितलं, शनिवारी एक लॉरी कागद गिरणीत गेली, त्यात असतील, नाहीतर या गठ्ठ्यांत असतील, पण गठ्ठा आता फोडता येणार नाही. अण्णांनी वाद घातला नाही. एका गठ्ठ्याच्या बाजूवरून त्यांनी तळहात फिरवला, कोपऱ्याला पट्टी लावून पाहिली. "बांधलंय सरीच," ते म्हणाले. मग आम्ही परत आलो. अध्यक्षबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ऑनलाइन मागव ना, त्यात काय एवढं?"

अण्णा यायचे थांबले. पुढे कार्यकारिणीने त्यांना 'आदर्श वाचक' म्हणून शाल द्यायची ठरवली. त्यांनी कळवलं, तब्येत बरी नाही. शाल अजून मंडळाच्या कपाटात आहे, पुस्तकांच्या जागी.

मी मात्र ऑनलाइन मागवायला बसले. त्रेचाळीसपैकी अकरा मिळाली. ती पिशवीत घालून, नवऱ्याला ओढून घेऊन, मी एका रविवारी पीण्याजवळच्या त्यांच्या घरी गेले. अजितला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की दोन तास बसायचं आहे, कारण तिघं लागतात. त्याने दुपारची मॅच सोडली, हेही त्याने मला तीनदा ऐकवलं.

घर दोन खोल्यांचं. अण्णा फार वाळले होते. बाहेरच्या खोलीत एक टेबल आणि त्याला लावलेल्या तीन खुर्च्या. एकट्या माणसाच्या घरात तीन खुर्च्या, त्याही जेवायच्या नव्हेत, हे बघून मी किती वर्षं त्या तशा मांडलेल्या आहेत ते विचारलं नाही. आम्ही बसलो. पुस्तकं मधे ठेवली. अण्णांनी वही आणली, चष्मा पुसला, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, उशिरा का होईना, फिटलं.

त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, वहीत पाहिलं, पुस्तकातलं ते पान काढलं. पट्टी ओळीखाली धरली. मग पुढचं पान, मागचं पान. नवी आवृत्ती होती, पानं सरकली होती. त्यांनी जिथे जिथे बारीक पेन्सिलीने खुणा केल्या होत्या त्या अर्थातच नव्हत्या. दुसरं पुस्तक तसंच, तिसरंही तसंच. अजितने टेबलाखाली फोन काढला होता. मी म्हटलं, अण्णा, मी तुमच्यावर विश्वास ठेवते, वहीवरूनच करू. द्या, मी सही करते. मी पेनही उघडलं.

त्यांनी वही हळूच आपल्याकडे ओढून मिटली. "वस्तू समोर नसताना सही करायची नसते, अक्का."

आतून त्यांनी कॉफी आणली. आम्ही प्यायलो. बाहेर रविवार असूनही एखाद्या कारखान्यात प्रेस चालू होता, त्याचे ठोके येत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी साधेपणाने, वेळ विचारावी तसं, मला विचारलं, "बरं, पुस्तकं राहू द्या. तुम्ही शिकलेल्या आहात, एवढं फिरलात. तुम्हाला काय वाटतंय? पुढं काय असतंय?"

एरवी मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. मंडळात माझ्याशिवाय पान हलत नाही ते त्यामुळेच. पण तिथे मी मघाशी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. अजित म्हणाला, "निघूया का, ट्रॅफिक लागेल." मी उठले आणि माझ्या तोंडून निघालं, "मला काय माहीत, अण्णा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "सरी," ते म्हणाले. "मीपण तिला हेच बोललो होतो."

पिशवी त्यांनी माझ्या हातात परत दिली. गाडीपाशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. दार उघडंच होतं. अण्णा एक खुर्ची दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडे नेत होते. ती ठेवली, थोडं थांबले, दम घेतला, आणि दुसरी न्यायला परत आले. तिसरी टेबलाशी राहिली. अजितने हॉर्न वाजवला.